गाणं काही धिमं नाही, मग अंग सैल का पडतंय? रॉकस्टेडीबद्दल विचारायचंय

काटेवाला_लातूर

नमस्कार मंडळी. विचारायचं एवढंच, की रॉकस्टेडी नावाच्या जमैकन गाण्यात असं काय बसवलेलं असतं, की ऐकणारा माणूस आपोआप मागं रेलतो? "गाणं धिमं असतं म्हणून" हे उत्तर कृपा करून देऊ नका. ते तपासून झालंय, खाली सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठल्या भाषेत सांगायचं ते तुम्हाला कळंल. लातूरला एमआयडीसीकडं एका वजनकाट्यावर मी पावत्या काढायला बसतो. संध्याकाळी गावाकडं भजनात ढोलकी, पखवाजवाला आला नाही तर पखवाज. इंग्रजी नोटेशन येत नाही, गिटार जन्मात हातात धरलेली नाही. मात्रा, सम, खाली, ठेका यात सांगितलं तर डोक्यात शिरतं. बाकीचं डोक्यावरून जातंय.

भाचा पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा पेन ड्राईव्ह भरून दिला. त्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'द फ्रायटनर्स' या बँडचा 'नथिंग मोअर टू से' हा अल्बम होता. मी धरून चाललो, की 65-66 सालचं काहीतरी असणार. आवाजाला ती जुनी ऊब, मधोमध बसलेला गाणारा, कुठं चकचकीतपणा नाही. भाचा म्हणला, "मामा, हे 2016 चं आहे." 2016! म्हणजे आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते साल. आपण इकडं हांडे मोजत होतो, अन् तिकडं पोरं बसून पन्नास वर्षांमागचा ठेका घटवत होती.

आता काट्यावरचं ऐका. सोयाबीनच्या सीझनला तिथं काय असतं ते बसणाऱ्यालाच माहीत. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं आयशर, त्याच्या मागं पिकअप, अन् प्रत्येकाचा हात हॉर्नवर. गाडी काट्यावर चढली म्हणून लगेच वजन धरता येत नाही. इंजिन बंद करायला लावायचं, ड्रायव्हर-क्लीनरला खाली उतरवायचं, अन् तोवर डिस्प्लेवर आकडे खालवर नाचत असतात. नाचायचे थांबले की प्रिंट. तेवढ्या वेळात ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून "झालं का, झालं का" करतो. हा अल्बम केबिनमधल्या छोट्या स्पीकरवर चालू असला की करत नाही. उगं गंमत म्हणून सांगत नाही, सीझनभर बघितलंय. रेणापूरकडचा एकजण तर खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवून अख्खं गाणं ऐकत उभा राहिला. पावती हातात देऊन झाली, मागच्यानं शिव्या घातल्या, तरी हलंना. जाताना विचारतो, "हे भजन कुण्या भाषेतलं म्हणायचं?"

मला वाटलं, वेग कमी असंल. मोबाईलमध्ये लय मोजायचं ॲप असतं, ते लावलं. निघालं काय, तर आमचा भजनातला मध्य लयीचा केरवा चालतो त्याच्या आसपासच. एक-दोन गाणी तर आमच्यापेक्षा पुढं पळायलीत. आता भजनात त्याच वेगाला माणूस पुढं सरसावून बसतो, टाळी धरतो, मान हलवतो. इथं तोच माणूस भिंतीला टेकतो. वेग तोच, अंग वेगळं वागायलंय. का?

अन् दुसरं. या पोरांनी जुन्याची नक्कल केली हे तर उघड आहे. मग ती नक्कल वाटत का नाही? आमच्याकडं लग्नातले ऑर्केस्ट्रावाले जुनं गाणं घेतात, तेव्हा मूळ गाण्यात जिथं-जिथं मोकळी जागा आहे तिथं ऑक्टोपॅडवाला घुसतो. एक जागा सोडत नाही बाबा. गाणं ओळखू येतं, पण जीव गेलेला असतो. या क्वीन्सच्या पोरांनी ते कसं टाळलं?

चारतारी (छत्रपती संभाजीनगर)

काटेवाले दादा, प्रश्न झकास आहे आणि अर्धं उत्तर तुम्हीच शेवटी देऊन टाकलंय. मी बास गिटार (जाड तारांची, खर्जात वाजणारी गिटार) वाजवतो, म्हणजे पोटापाण्याला वाळूजला नोकरी आणि रविवारी बास. तुमच्याच मात्रांत सांगतो. हात मांडीवर घ्या.

केरवा धरा. धा गे ना ती, ना क धी ना. आठ मात्रा, सम पहिलीवर, खाली पाचवीवर. आता दोन-दोन मात्रांचा एक ठोका धरून एक-दोन-तीन-चार मोजा. रॉकस्टेडीत गिटार दोनला आणि चारला वाजते, म्हणजे तुमच्या तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला. तीही छेडून सोडत नाहीत, छेडली की लगेच बोटं सैल करून आवाज तोडतात. 'चक्'. एवढंच.

ड्रमवाला काय करतो? मोठा ढोल आणि काडीचा 'टक' हे दोन्ही एकदम, तीनला. म्हणजे पाचव्या मात्रेला. तुमची खाली असते तिथं त्याचं सगळं वजन पडतं. आणि एकला, तुमच्या समेवर, ढोल गप्प. याला वन ड्रॉप म्हणतात. पुढं रेगेमध्ये हाच ठेका जगभर गाजला, पण तो पक्का झाला तो इथं, 1966 ते 1968 या दोनेक वर्षांत. रॉकस्टेडीचं आयुष्य एवढंच. आधी स्का, नंतर रेगे, दोन्ही जमैकाचेच संगीतप्रकार, आणि मध्ये हा छोटा मुक्काम.

आपला कान लहानपणापासून समेवर वजन शोधतो. इथं तो समेवर पाय टाकतो आणि पायाखाली काहीच नसतं. घाबरायच्या आत पाचवीवर ठोका येऊन धरतो. दर आवर्तनाला हेच. दोन-तीन मिनिटं असं झालं की शरीर पुढं धावायचं सोडून देतं, कारण धावून उपयोग नाही हे त्याला कळलेलं असतं. हे पुस्तकातलं नाही, माझं मत आहे. पण वाजवताना मला असंच होतं.

दुसरी गोष्ट बासची. स्कामध्ये बास दर ठोक्याला एक सूर टाकत चालत राहायचा, उसंत नाही. वर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन यांचा धिंगाणा. 1962 ला जमैका स्वतंत्र झाला, तेव्हाचं ते उड्या मारणारं संगीत. रॉकस्टेडीत बास बोलायला लागला. चार-पाच सुरांचं एक वाक्य, मग थांबणं. परत वाक्य, परत थांबणं. फुंकायची वाद्यं मागे सरली, बास पुढे आला.

यात एका माणसाचं नाव घ्यावंच लागेल, लिन टेट. मूळचा त्रिनिदादचा. तिथं आधी स्टीलपॅन, म्हणजे पोलादी पिंपापासून केलेलं सुरांचं वाद्य, वाजवायचा, मग गिटारवर आला. 1962 च्या स्वातंत्र्य सोहळ्यासाठी जमैकात आला आणि तिथंच राहिला. त्यानं काय केलं, तर तळहात तारांवर दाबून, आवाज बुजवून, बासचंच वाक्य गिटारवर बासबरोबर वाजवलं. म्हणून या गाण्यांतला बास नुसता घुमत नाही, त्याला एक 'टुक' अशी कड येते. फ्रायटनर्सच्या गाण्यांत हेच कान देऊन ऐका.

1966 मध्ये होपटन लुइस हा गायक फेडरल स्टुडिओत लिन टेटच्या बँडबरोबर गायला उभा राहिला. स्काच्या वेगात शब्द बसेनात. तो म्हणाला, जरा दमानं घ्या. घेतलं. त्या गाण्याचं नावच 'टेक इट ईझी', आणि पुष्कळजण त्यालाच पहिलं रॉकस्टेडी गाणं मानतात. काहीजण ॲल्टन एलिसला मान देतात, ज्याच्या गाण्याचं नावच 'रॉक स्टेडी' आहे. त्या वादात मी पडत नाही.

एक विनंती. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून बास येतच नाही, नुसतं चक् चक् ऐकू येतं आणि माणूस म्हणतो, यात काय आहे?

काटेवाला_लातूर

चारतारी दादा, लाख बोललात. केबिनमध्ये गाड्या नव्हत्या तेवढ्यात टेबलावर करून बघितलं. डाव्या हातानं तिसरी अन् सातवी, उजव्यानं फक्त पाचवी. चार आवर्तनं निघाली अन् पाचव्याला उजवा हात आपोआप समेवर पडला. इतकी वर्षं तिथं थाप मारायची सवय, हात ऐकंना. उजव्या हाताखाली रिकामी चहाची कपबशी उपडी ठेवली, म्हणलं समेवर पडला तर आवाज येईल, लाज वाटंल. तेव्हा कुठं जमायला लागलं.

एकच शंका. समेवर ढोल नाही, पण बास असतो ना? मला काही गाण्यांत तिथं बास ऐकू आला.

चारतारी (छत्रपती संभाजीनगर)

हो, बऱ्याचदा असतो. कान चांगलाय तुमचा. नियम ढोलाचा आहे, बासचा नाही. बास समेवर येऊ शकतो, पण आला तरी तिथं ठाण मांडत नाही.

गोदाकाठी (नांदेड)

हौ, सगळं बरोबर आहे, पण निवांत-निवांत काय लावलंय? त्या काळचं किंग्स्टन, म्हणजे जमैकाची राजधानी, निवांत होतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

स्वातंत्र्य आलं, चार वर्षं झाली, खेड्यातनं पोरं शहरात आली अन् काम कुठंच नाही. पश्चिम किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांत टोळ्या झाल्या, 'रूड बॉईज'. चाकू, पिस्तुलं, नाचाच्या कार्यक्रमात घुसून मारामाऱ्या. ही तुमची रॉकस्टेडी त्याच पोरांची. डेस्मंड डेकरनं 1967 मध्ये त्यांच्यावरच '007' गायलं अन् ते पार इंग्लंडात गाजलं. डेरिक मॉर्गननं त्यांना गाण्यात थेट कोर्टात उभं केलं. ॲल्टन एलिस त्यांना गाण्यातनं सांगायचा, अरे नाच बिघडवू नका. ड्यूक रीड, ज्याच्या ट्रेझर आइल कंपनीची गाणी सगळ्यात गोड मानली जातात, तो आधी पोलीसवाला. त्याचा स्टुडिओ बाँड स्ट्रीटवर स्वतःच्या दारूच्या दुकानावरच्या मजल्यावर, अन् कमरेला पिस्तूल. असल्या ठिकाणी ही निवांत गाणी तयार झाली.

अन् उकाड्याची गोष्ट कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो. म्हणे 1966 चा उन्हाळा एवढा कडक होता, की लोकांना स्काच्या उड्या मारवंनात, म्हणून संगीत धिमं झालं. बरं. आमच्या नांदेडात मे महिन्यात पारा 44 ला टेकतो. कुठं निघाला नवीन ठेका? वरातीपुढं पोरं त्याच उन्हात त्याच वेगात उड्या मारायलीत. ऊन कारण असतं तर मराठवाड्यानं आजवर दहा रॉकस्टेडी काढल्या असत्या.

तुमच्या फ्रायटनर्सचंही बघा. गाणारा डॅन क्लाइन. अल्बमचं काम चालू असतानाच त्याला एएलएसचं निदान झालं. या आजारात स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात, माणूस हळूहळू हालचाल, बोलणं, गिळणं सगळं गमावतो. 2016 मध्ये अल्बम बाजारात यायच्या आधीच तो गेला. अल्बमचं नाव काय, ते परत वाचा. अन् बहुतेक गाणी सोडून गेलेल्या प्रेमाची. तुमचा तो रेणापूरचा ड्रायव्हर नेमकं काय ऐकत उभा होता?

पेटीवाल्या बाई (अंबाजोगाई)

गोदाकाठी, तुमचा मुद्दा कळला, पण तो काटेवाल्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर नाही. गाणं कुठल्या परिस्थितीतून आलं हे एक, आणि ते कानावर काय करतं हे दुसरं. आपल्याकडच्या ओव्या जात्यावर म्हटल्या गेल्या, पहाटे, अर्धपोटी. त्या ऐकताना म्हणून कुणाला दम लागत नाही.

मी आयुष्यभर पेटी शिकवली. चारतारींनी ठेक्याचं सांगितलं त्यात एक दुरुस्ती. केरव्याची खाली ही काही मोकळी जागा नसते. तिथं तबल्याचा 'ना' वाजतोच, फक्त डग्ग्याचा घुमार काढून घेतलेला असतो. त्या जमैकन वादकांनी समेला जे केलं, ते त्याहून धीट आहे. तिथं ढोलाचा आवाजच नाही. हे जमायला सगळ्या वाद्यवृंदाचं एकमत लागतं. एकानं जरी घाबरून ती जागा भरली, की संपलं.

माझ्या विद्यार्थ्यांचा कायमचा दोष हाच. गाणारा श्वास घ्यायला थांबला, की पेटीवाला लगेच बोटं चालवतो. भाता हातात आहे म्हणजे तो सतत हाललाच पाहिजे असं त्यांना वाटतं. मी त्यांच्या हातावर पट्टी ठेवायचे. हल्ली ठेवता येत नाही.

गळ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते. रॉकस्टेडीच्या काळात तिघांच्या गायनाची पद्धत जोरात होती. एक पुढे, दोघे मागे, सुरांची जुळणी. पॅरागॉन्स, टेक्निक्स, हेप्टोन्स, मेलोडियन्स. यांनी कान लावले होते अमेरिकन सोल संगीताला, विशेषतः कर्टिस मेफील्ड आणि त्याच्या 'इम्प्रेशन्स'ला. तो वरच्या पट्टीतला, बारीक केलेला, नाजूक पुरुषी आवाज तिथून आला. डॅन क्लाइनही तसाच गातो. वरच्या सुराला पोचतो, पण जोर लावून नाही. तान नाही, आलाप नाही, 'बघा मी किती गातो' हे तर मुळीच नाही. सूर लावतो आणि लगेच सोडून देतो. मोठ्यानं गायलेलं दुःख ऐकणाऱ्याला सावध करतं. याचं तसं होत नाही, म्हणून ड्रायव्हर उभा राहिला असेल. मला तरी त्यात विसंगती दिसत नाही.

आता नक्कल का वाटत नाही. हा अल्बम काढला डॅप्टोन या ब्रुकलिनच्या कंपनीनं. टेपवर, जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर ध्वनिमुद्रण करण्यासाठीच ती ओळखली जाते. निर्माता व्हिक्टर ॲक्सेलरॉड, स्वतः वादक. पण निव्वळ जुनी यंत्रं आणून काही होत नाही. जुन्या काळी ट्रॅक (आवाज वेगवेगळे भरायच्या पट्ट्या) अगदी मोजके असत, माणसं एका खोलीत एकदम वाजवत. नंतर दुरुस्त करू ही सोय नव्हती, त्यामुळे काय वाजवायचं नाही हे आधीच ठरवावं लागे. आजचा संगणक हवे तितके ट्रॅक देतो, म्हणून आजचा माणूस हवे तितके भरतो. तुमचा ऑक्टोपॅडवाला त्याच रोगाचा. क्वीन्सच्या मुलांनी यंत्रांबरोबर ती अडचणही उसनी घेतली, असं मला वाटतं. आवाजाची नक्कल कुणीही करेल हो, आवर घालण्याची नक्कल करायला रियाजच लागतो.

काटेवाला_लातूर

बाई, पट्टीचं वाचून आमचे गुरुजी आठवले. ते फूटपट्टी नाही, सरळ ढोलकीची चावी उचलायचे.

गोदाकाठी भाऊ, तुमच्यामुळं अल्बम परत ऐकला. गाणारा गेला हे माहीत नव्हतं. आता ऐकताना ते डोक्यातून जात नाही हे खरं, पण खोटं कशाला बोलू, अंग तसंच सैल पडलं. दोन्ही एकदम झालं.

बाकी मी शनिवारी गावात प्रयोग करून बघितला. पोरांना आधी फितवून ठेवलं होतं. गवळण चालू असताना मी समेवरची थाप काढून घेतली अन् वजन पाचवीवर टाकलं. टाळवाली पोरं दोन आवर्तनं टिकली. तिसऱ्याला अर्धी इकडं, अर्धी तिकडं. महाराजांनी डोळे उघडून असं बघितलं, की मी गपकन समेवर आलो. नंतर चहा पिताना म्हणले, "अरे, पन्नास माणसं टाळ घेऊन उभी आहेत. त्यांना पाय ठेवायला जागा नको का?"

ते मला पटलं. आपली सम ही सगळ्यांनी मिळून यायची जागा आहे. म्हातारा आला, लेकरू आलं, ज्याला काही येत नाही तो आला, तरी समेवर टाळ मारता आला पाहिजे. रॉकस्टेडीला कुणी टाळ घेऊन उभं नाही. तिथं जोडीनं नाचणारी माणसं, तीही जागच्या जागी. त्यांना ठोका दाखवायची गरज नाही, म्हणून ढोलाला गप्प बसायची मुभा. म्हणजे हे ठेके भिन्न कामाचे आहेत. महाराजांना काही मी रॉकस्टेडीचं सांगितलं नाही. एवढी हिंमत नाही.

पण मला खरी मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भाच्यानं सांगितलं, की ही गाणी मुळात भिंतीएवढ्या स्पीकरवर रस्त्यात वाजवायला केलेली होती. तिकडं साउंड सिस्टिमवाले असायचे, ड्यूक रीड त्यातलाच एक, अन् त्यांच्यात कुणाचा आवाज मोठा यावरून चढाओढ. हे तर सगळं आपल्याकडच्या डीजेसारखंच झालं की! तसलीच गाडी, तसलेच स्पीकर, तसलीच खुन्नस. अन् त्या एवढ्या मोठ्या स्पीकरवर लावलं काय, तर हे. आपल्याकडं मिरवणुकीत घरांच्या काचा हादरतात, म्हाताऱ्या माणसांना आत नेऊन बसवावं लागतं. मला डीजेचा राग नाही, माझे दोन मित्र त्याच धंद्यात आहेत. पण एकाला मी म्हणलो, बाबा, एकदा रात्री तुझ्या बॉक्सवर हे लावून बघू, आवाज निम्माच ठेवू. तो म्हणला जनरेटरचं डिझेल कोण देणार. देतो म्हणलंय.

आता सांगा, तेव्हा काय-काय लावायचं? मला नवे-जुने दोन्ही पाहिजेत. फार मोठी यादी नको, केबिनमध्ये वेळ असतो पण सलग नसतो.

गोदाकाठी (नांदेड)

डिझेलचे अर्धे माझ्याकडं लागू. तारीख कळवा, नांदेडहून यायला काही लांब नाही.

चारतारी (छत्रपती संभाजीनगर)

मलाही कळवा, बास घेऊन येतो.

यादी थोडक्यात. जुन्यांत ॲल्टन एलिस आधी, गळ्यासाठी. मग फिलिस डिलन, ट्रेझर आइलची गायिका. बाईंनी सांगितलेला तो न जोर लावता लागलेला सूर तिच्याकडं अगदी स्वच्छ ऐकू येईल. टॉमी मॅककुक आणि सुपरसॉनिक्स हा ड्यूक रीडचा घरचा बँड, त्यांची नुसती वाद्यांची गाणीही मिळतात. डीजेच्या बॉक्सवर लावायला तीच बरी, जॅकी जॅक्सनचा बास मोकळा सापडतो. लिन टेटचं वेगळं शोधायची गरज नाही, त्या दोन वर्षांतली कुठलीही दहा गाणी लावा, त्यातल्या बऱ्याच गाण्यांत तो असेलच. 1968 मध्ये तो कॅनडाला निघून गेला.

ट्रोजन रेकॉर्ड्सचे संग्रह दिसले तर बिनधास्त घ्या. कंपनी इंग्लंडची, पण नाव ड्यूक रीडच्या साउंड सिस्टिमवरून आलेलं, आणि त्या सिस्टिमचं नाव ती वाहून नेणाऱ्या ट्रोजन ट्रकवरून.

नव्यांत फ्रायटनर्स तुमच्याकडं आहेतच. न्यूयॉर्कचेच स्लॅकर्स 1991 पासून वाजवताहेत. लॉस एंजेलिसचे हेपकॅट थोडे स्काकडं झुकलेले, पण गाणं फार गोड. ॲग्रोलाइट्सही तिथलेच, ते मात्र जरा रांगडे, निवांत व्हायला लावू नका.

आणि पॅरागॉन्सचं 'द टाइड इज हाय' राहू देऊ नका. जॉन होल्टचं गाणं, 1967 चं. 1980 मध्ये ब्लाँडी या अमेरिकन बँडनं ते परत गायलं आणि अमेरिकेत, इंग्लंडात दोन्हीकडं पहिल्या नंबरला गेलं, त्यामुळं चाल कानावरून गेलेली असण्याची शक्यता आहे. ब्लाँडीचं वाईट नाही, त्यात तुतारीसारखी वाद्यं परत पुढं आलीत, गाणं उजळ झालंय. पण आधी पॅरागॉन्सचं ऐका आणि मग ब्लाँडीचं. उलट्या क्रमानं ऐकलं तर कान चालीलाच धरून बसतो आणि बास ऐकायचा राहून जातो.